पियानो कुणाच्या डोक्यावर पडतो

कार्टूनमध्ये एखाद्याच्या डोक्यावर पियानो पडला की ते पात्र चपटं होतं, तोंड उघडलं की दातांच्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि पुढच्या दृश्यात ते धडधाकट पळत असतं. हाडामांसाच्या माणसाच्या डोक्यावर पियानो पडला तर तो मरतो. माणसं आणि कार्टून एकाच चौकटीत आणणारे जे विनोदी चित्रपट मला मनापासून आवडतात, ते सगळे या फरकावर उभे आहेत. १९८८ सालच्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये तर कथेची सुरुवातच तिथे होते. एडी व्हॅलियंट हा खासगी गुप्तहेर कार्टूनांचा दुस्वास करतो, कारण त्याच्या भावाचा जीव एका कार्टूनने घेतलाय. कसा? डोक्यावर पियानो टाकून. ज्या गोष्टीला आपण लहानपणापासून खदखदून हसत आलो, तीच गोष्ट या माणसाच्या घरात मृत्यू होऊन आली. एवढं एक वाक्य कथेत आलं आणि पुढच्या सगळ्या विनोदाला खाली जमीन मिळाली.

माझं रोजचं काम कंपोझिटिंगचं आहे. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी चित्रित झालेल्या गोष्टी एका चौकटीत अशा बसवायच्या की त्या कायम तिथेच होत्या असं वाटावं. त्यामुळे असा चित्रपट लागला की माझी नजर आधी पायांकडे जाते. पात्राचे पाय जमिनीला टेकलेत का, तळव्याखाली जी बारीक गडद सावली असायला हवी ती आहे का, हे मी बघते. ती नसली तर कितीही सुंदर काढलेलं पात्र दोन बोटं वर तरंगत राहतं. पण इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय की सावली, कडा, प्रकाश हे सगळं जमलं तरी चित्रपट पडू शकतो. दोन्ही जगांचे नियम वेगळे आहेत आणि ते नियम एकमेकांना धडकणार आहेत, हे पटकथेला कळलेलं नसेल तर आमच्या मेहनतीचा काही उपयोग होत नाही.

रॉजर रॅबिटमधला बेड्यांचा प्रसंग घ्या. एडी आणि रॉजर, म्हणजे चित्रपटाच्या नावातला कार्टून ससा, एकाच बेडीत अडकलेत. सगळा वेळ ते एकमेकांना ओढत, फरफटत चाललेत. शेवटी बारच्या मागच्या चोरखोलीत एडी करवत घेऊन बेडी कापायला बसतो, पण खालचं खोकं डुगडुगतंय. तेव्हा रॉजर बेडीतून हात सहज बाहेर काढतो, खोकं धरतो आणि आता बरं पडतंय का म्हणून विचारतो. एडी आधी बरं म्हणतो आणि मग त्याच्या लक्षात येतं. म्हणजे तू हवा तेव्हा हात काढू शकत होतास? नाही, रॉजर म्हणतो, हवा तेव्हा नाही. फक्त हसू येणार असेल तेव्हाच.

या उत्तरात रॉजरचं सगळं भौतिकशास्त्र आलं. माणसाला लोखंड धरून ठेवतं, कार्टूनला विनोद धरून ठेवतो. रॉजर खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच आधी हात काढता येत नव्हता. माझी दुसरीतली भाची हे वाक्य आलं तेव्हा हसता हसता मागे कलंडली, आणि तिला ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळलं असं मला ठामपणे वाटतं. मुलांच्या खेळात नियम असेच असतात. गादी म्हणजे समुद्र, तिच्यावर पाय पडला की बुडायचं, पण खाली पडलेला चेंडू आणायचा असेल तर चालत जाता येतं.

त्याच चोरखोलीत तो दिवाही आहे. एडीचं डोकं छतावरून लोंबणाऱ्या दिव्याला लागतं आणि दिवा झुलायला लागतो. दिवा झुलतोय म्हणजे खोलीतली प्रत्येक सावली झुलतेय. आणि त्या खोलीत एक हाताने काढलेला ससा उभा आहे. म्हणजे प्रत्येक फ्रेमला सशाची उजेडातली बाजू वेगळी, अंधारातली वेगळी. हे टाळणं अगदी सोपं होतं. एडीला दिव्यापासून हातभर लांब उभं केलं असतं तर कुणाला काही कमी पडलं असं वाटलं नसतं. तरी त्यांनी दिवा हलवला. तो हलल्यामुळेच सशावर आपला विश्वास बसतो. का बसला ते आपल्याला सांगता येत नाही, आणि येण्याची गरजही नाही.

हे काम कसं झालं ते थोडं सांगते, कारण मला ते सांगायला फार आवडतं. तेव्हा हे संगणकावर झालेलं नाही. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, अ‍ॅनिमेशनची धुरा रिचर्ड विल्यम्सकडे. आधी माणसांचं चित्रीकरण पूर्ण करायचं, मग त्या फिल्मच्या एकेका फ्रेमचा मोठा छापील फोटो काढायचा आणि त्यावर कागद ठेवून ससा काढायचा. साध्या कार्टूनमध्ये एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी चालतं. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, तिथे बारा चित्रांत भागतं. पण शेजारी खरा माणूस असेल आणि वर कॅमेराही फिरत असेल तर भागत नाही. माणूस दर फ्रेमला सरकतो, ससा एक सोडून एक फ्रेमला सरकतो, आणि ससा जमिनीवर घसरतोय असं दिसायला लागतं. म्हणून चोवीसच्या चोवीस चित्रं. त्याआधी अशा चित्रपटांत शक्यतो कॅमेरा खिळवून ठेवायची रीत होती, काम आवाक्यात राहावं म्हणून. विल्यम्स आणि झेमेकिस यांनी ती रीत धुडकावली आणि कॅमेरा हवा तसा फिरवला.

ससा काढून झाला की त्याच्या सावलीच्या बाजूचा वेगळा थर, उजेडाच्या बाजूचा वेगळा थर. हे सगळे थर ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या दृश्यपरिणामांच्या कंपनीत ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर छापणाऱ्या यंत्रावर, एकात एक बसवले गेले. मी आज तेच काम संगणकाच्या एका खिडकीत चार नोड, म्हणजे कामाचे छोटे ठोकळे, जोडून करते, चुकलं तर मागे जाते. त्यांना मागे जाता येत नव्हतं. प्रत्येक थराबरोबर फिल्म पुन्हा छापली जाते, दाणा म्हणजे फिल्मवरची खरखर वाढते, चित्र मळकट होतं. म्हणून मूळ चित्रीकरण व्हिस्टाव्हिजनच्या मोठ्या फ्रेमवर केलेलं. या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं आणि विल्यम्सना वेगळं विशेष ऑस्कर. दोन्ही अगदी योग्य जागी गेली.

पण भाचीने चित्रपट संपल्यावर यातलं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, “मावशी, त्या काकांना ससा खरंच दिसत होता का?”

हा प्रश्न मला इतका आवडला की मी तिला पुन्हा चित्रपट लावून दाखवला. ते काका म्हणजे एडीचं काम करणारे बॉब हॉस्किन्स. त्यांना ससा दिसत नव्हता. तालमीला रबराचा पूर्णाकृती रॉजर असायचा, मग तो हलवायचे आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाला तिथे हवा. सशाला आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर कॅमेऱ्याच्या बाहेर उभे राहून संवाद म्हणायचे, आणि तेही सशाचा पोशाख घालून. अंगात सशाचं सोंग असलं की हॉस्किन्सना उत्तर द्यायला कुणीतरी मिळायचं. वस्तू मात्र खऱ्या हलायच्या. बेबी हर्मन या सिगार ओढणाऱ्या कार्टून बाळाच्या हातातला सिगार यांत्रिक हाताने फिरवला, आणि तो हात झाकेल असं बाळ नंतर त्याच्यावर काढलं.

आता डोळ्यांचं बघा. आपण जवळची वस्तू पाहतो तेव्हा दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात, लांबची पाहतो तेव्हा सरळ होतात. समोर काहीच नसेल तर डोळे आपोआप मागच्या भिंतीवर जाऊन थांबतात. कितीतरी चित्रपटांत हे असं झालेलं दिसतं. नट प्राण्याशी बोलतोय, पण त्याची नजर प्राण्याच्या आरपार मागे गेलेली असते. दिशा बरोबर असते, अंतर चुकलेलं असतं. हॉस्किन्सची नजर हवेतल्या एका ठरावीक जागी थांबते आणि तिथेच राहते. ससा हलला की नजर हलते, आणि तीही किंचित उशिरा, जशी खऱ्या वस्तूमागे जाते तशी. त्यांनी मुलाखतींत सांगितलंय की हे ते आपल्या लहान मुलीकडून शिकले. ती आपल्या काल्पनिक सवंगड्यांशी कशी खेळते, कशी बोलते, ते पाहून. मी भाचीला सांगितलं की काकांना ससा दिसत नव्हता, पण ससा कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. तिला ते पटलं.

या नजरेचा इतिहास फार जुना आहे. १९१४ साली व्यंगचित्रकार विन्सर मकेने गर्टी नावाचा डायनासोर काढला आणि तो घेऊन थेट रंगमंचावर आला. पडद्यावर गर्टी, शेजारी मके हातात चाबूक घेऊन. तो हुकूम सोडायचा, ती कधी ऐकायची, कधी रुसायची. तो तिच्याकडे फळ भिरकावल्याचा आविर्भाव करायचा आणि पडद्यावरची गर्टी ते तोंडात झेलायची. शेवटी मके पडद्यामागे जायचा आणि त्याच क्षणी पडद्यावर चित्रातला मके यायचा आणि गर्टी त्याला घेऊन निघून जायची. कंपोझिटिंग नाही, थर नाहीत. एक माणूस, योग्य जागी वळलेली नजर आणि पक्कं वेळेचं गणित. पुढे मॅक्स फ्लायशरचा कोको विदूषक शाईच्या दौतीतून बाहेर यायचा, चित्रकाराला छळायचा आणि शेवटी परत दौतीत जायचा. चित्राने काढणाऱ्याचं ऐकायचं नाही, हा विनोद तेव्हापासून आजपर्यंत जराही शिळा झालेला नाही.

१९४५च्या ‘अँकर्स अवे’मध्ये जीन केली आणि जेरी उंदीर एकत्र नाचतात. नाच तर अप्रतिम आहेच, पण तुम्ही फरशी बघा. फरशी चकचकीत आहे, केलीचं प्रतिबिंब तिच्यात पडतं, म्हणून जेरीचंही काढलेलं आहे. दोघांच्या पायांचा ताल जुळतो तो फरशीवरही जुळतो. हा भाग मी कामावर नव्या मुलांना दाखवते.

‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मध्ये दिशा उलटी आहे. तिथे माणसं चित्रात शिरतात, फुटपाथवर खडूने काढलेल्या चित्रात. कडांचं काम म्हणाल तर त्याला आजही तोड नाही. निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करून माणूस वेगळा काढायची पद्धत तेव्हा होती, पण केसांभोवती, जाळीदार कापडाभोवती निळी किनार राहायची. पेट्रो व्लाहोस यांच्या पद्धतीत पडदा पांढरा, आणि त्याच्यावर सोडियम व्हेपर दिव्यांचा पिवळा उजेड. सोडियमचा पिवळा म्हणजे वर्णपटातली अगदी अरुंद पट्टी, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासची. कॅमेऱ्यातला खास लोलक तेवढाच प्रकाश बाजूला काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा आणि तिथे आपोआप मॅट, म्हणजे माणूस कुठे आहे ते दाखवणारा काळा-पांढरा साचा, तयार व्हायचा. नटांच्या अंगावरचे रंग पहिल्या फिल्मवर जसेच्या तसे. म्हणून ज्युली अँड्र्यूजच्या टोपीवरच्या जाळीतून मागची रंगवलेली झाडं स्वच्छ दिसतात. मी तो शॉट थांबवून कडा मोठी करून पाहिलीय. ग्रीन स्क्रीनवर तशी जाळी आली तर मला दिवसभर बसावं लागेल.

डिक व्हॅन डाइक पेंग्विनांबरोबर नाचतो तो भाग सगळ्यांना आठवतो. मला त्याहून जास्त आवडतो तो पाऊस. पाऊस येतो आणि खडूचं चित्र वाहून जायला लागतं. चित्रातल्या जगाला माणसांच्या जगातल्या पावसाने मरण आहे, हे त्या प्रसंगात एक शब्दही न बोलता कळतं. ‘बेडनॉब्स अँड ब्रूमस्टिक्स’मध्ये (१९७१) हे नातं आणखी धसमुसळं होतं. प्राण्यांचा फुटबॉलचा सामना, त्यात एकटा माणूस म्हणजे पंच डेव्हिड टॉमलिन्सन, आणि दोन्ही संघ त्याला तुडवून जातात. बाकीचा चित्रपट मला लांबलेला वाटतो, पण तो सामना वेगळा काढून दाखवावा असा आहे.

आता उलटा खेळ. माणूसच कार्टूनचे नियम पाळायला लागला तर? ‘एन्चँटेड’ (२००७) मध्ये चित्रातली राजकन्या खऱ्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडते आणि तिथून ती हाडामांसाची असते, म्हणजे एमी अ‍ॅडम्स. या अभिनयाबद्दल पुरेसं बोललं जात नाही. मनगट वळवायची पद्धत, बोलताना मान तिरकी करायची पद्धत, थक्क झाल्यावर हात छातीशी नेणं, सगळं हाताने काढलेल्या राजकन्येचं. ती खिडकीत उभी राहून गाते, चित्रातल्यासारखे प्राणी मदतीला येतील म्हणून. न्यूयॉर्कमध्ये येतात ते उंदीर, कबुतरं आणि झुरळं. आणि ती त्यांच्याकडूनही घर लख्ख करून घेते! चित्रात बडबड करणारी खारुताई इथे आल्यावर बोलू शकत नाही, तिला सगळा धोका हातवारे करून समजवावा लागतो. नियम ठरला की विनोद आपोआप सुचत जातात, त्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

‘स्पेस जॅम’ (१९९६) मला काही जागी कच्चा वाटतो. मायकेल जॉर्डनचं चित्रीकरण हिरव्या मैदानात, हिरवे कपडे घातलेल्या नटांच्या घोळक्यात झालं, आणि त्याची नजर नेहमी जागेवर नसते. पण शेवटी त्याचा हात लांबत लांबत अर्ध्या मैदानावरून बास्केटपर्यंत जातो, तेव्हा मी सगळं माफ करते. तो कार्टूनांच्या जगात आहे, मग तिथला नियम त्यालाही लागू आहे, हे त्याच्या लक्षात येतं आणि त्याच क्षणी हात लांबतो. ‘लूनी ट्यून्स: बॅक इन अ‍ॅक्शन’मध्ये (२००३) लूव्र संग्रहालयातला पाठलाग आहे. पात्रं एकेका चित्रात उडी मारतात आणि त्या चित्राच्या शैलीची होतात. दालीच्या चित्रात वितळतात. सराच्या ठिपक्यांच्या चित्रातून बग्जच्या मागे लागलेला शिकारी एल्मर बाहेर येतो तो अजून ठिपक्यांचाच असतो, आणि बग्ज बनी पंखा लावून त्याला उडवून देतो. असं काही सुचलेल्या माणसाला मी नमस्कार करते.

मग गेल्या काही वर्षांतल्या चित्रपटांत मला काय खुपतं? त्यांतल्या प्राण्यांचे केस खरे आहेत, प्रकाश अचूक आहे, पायाखाली सावली आहे. माझ्या धंद्यातल्या लोकांनी जीव ओतलाय त्यात. पण प्राणी इतका खरा झाला की तो माणसांच्याच जगातला झाला. मग त्याच्या डोक्यावर काही पडलं की मला कळवळायला होतं, हसायला येत नाही. रेषेला दुखत नाही, केसाळ कातडीला दुखतं. २०२१च्या ‘टॉम अँड जेरी’ची कथा मला विशेष आवडली नाही, पण त्यांनी एक गोष्ट ठरवली आणि शेवटपर्यंत पाळली: त्या जगातला प्रत्येक प्राणी कार्टून, अगदी हत्तीसुद्धा. माणूस तेवढा खरा. या निर्णयामुळे टॉमला कितीही आपटलं तरी चालतं. पॅडिंग्टनचे चित्रपट वेगळ्या वाटेने जातात. तिथलं अस्वल खऱ्यासारखं आहे, पण बोलणारं अस्वल पाहून शेजारीपाजारी कुणी दचकत नाही, आणि सगळी गंमत त्या न दचकण्यातून येते. म्हणजे नियम तिथेही आहे, फक्त तो माणसांच्या अंगात आहे.

घरी मुलांना दाखवणाऱ्यांसाठी एक सूचना. यापुढे रॉजर रॅबिटच्या शेवटाबद्दल बोलणार आहे, पाहिला नसेल तर थांबा. त्यात जज डूम कार्टूनांना मारायचं रसायन वापरतो आणि ते दाखवण्यासाठी एक भोळा, किंकाळणारा कार्टून बूट त्यात बुडवतो. जो कधीच मरत नाही तो मरू शकतो, हे मुलांना त्या क्षणी कळतं. भाचीने माझा हात घट्ट धरला होता. पुढे डूमवरून रोडरोलर जातो आणि तो कागदासारखा चपटा होऊन उठतो, तेव्हा कळतं की तो माणूस नव्हताच, आणि पियानोही त्यानेच टाकला होता. लहान मुलं इथे घाबरतात. मी सात वर्षांच्या आतल्या मुलांना हा चित्रपट दाखवत नाही, आणि दाखवला तर शेजारी बसते, स्वयंपाकघरात जात नाही. पण शेवट कापून दाखवू नये असंही माझं मत आहे. कारण त्याआधीच एडीने नाच केलेला असतो. इतकी वर्षं कार्टूनांवर राग धरून बसलेला, एकदाही न हसलेला तो माणूस डूमच्या हाताखालच्या कार्टून नेवळ्यांसमोर कोलांट्या मारतो, तोंडावर आपटतो, वेडीवाकडी तोंडं करतो, आणि ते नेवळे हसून हसून मरतात. भावाचा जीव ज्या नियमाने गेला, तोच नियम वापरून तो स्वतःचा जीव वाचवतो. हॉस्किन्स त्या नाचात किती जड आहेत, किती खरे दमलेत ते पाहा. रॉजर तसा पडला असता तर आपल्याला काहीच वाटलं नसतं.